पैलवानाची सायकल

आता हसताय, पण त्या दिवशी माझी पाचावर धारण बसली होती. तेव्हा पेठेतल्या निम्म्या सायकली काळ्या आणि एकीची किल्ली दुसरीला लागायची. मी चहाच्या हाटेलापुढनं घाईत सायकल काढली, घरी आलो आणि चेनकव्हर बघितलं. त्यावर तालमीतल्या पैलवानाचं नाव. मागल्याच आठवड्यात या गड्यानं सायकलीला नुसता हात लावणाऱ्याला उचलून गटारीत बसवलं होतं. परत न्यायला माझं पाऊलच उचलंना.

तेवढ्यात आई म्हणाली, "दारात कोण आलंय बघ, घरातला उजेडच गेला."

पैलवानच होता, हाटेलवाल्याला घर विचारून आलेला. हातात माझी सायकल, कोपर सोललेलं.

"ही तुझी काय रं?"

"व्हय."

"हिला ब्रेक हाय?"

"न्हाय. मी पाय घासून थांबवतो."

"उतारावरनं थेट म्हशींच्या कळपात गेलतो की." त्यानं सोललेल्या कोपरावर फुंकर मारली. "आणि तू रोज बसतोस हिच्यावर?"

"रोज."

"तुझ्या नादाला कोण लागंल बाबा," म्हणाला आणि स्वतःची सायकल हातात धरून चालतच गेला.