आपण? आपण कोण?

...आणि वर ती सिस्टर म्हणते कशी, "आजी, आता आपण छानपैकी डायपर घालूया हं!" आपण? आपण कोण? तू पण घालणारेस का बाई? नाही ना? मग 'आपण' कशाला! नाही, तुम्हीच सांगा, माझं काय चुकलं? मांडीचं हाड मोडलं होतं माझं, डोकं नव्हतं मोडलं! आणि बाथरूममध्ये घसरून नाही हो, सगळे तेच विचारतात... जिन्यावरून पडले, नातीशी शर्यत लावून. खाली पहिली मीच पोचले, ते मात्र कोणी सांगत नाही!

तर ऑपरेशन झालं, आत सळई बसली, डॉक्टर स्वतःच्या तोंडानं सांगून गेले, "आजी, आता वॉकर घेऊन, कोणाच्या तरी आधारानं चालायचं." मी खूश! डॉक्टरांची पाठ वळते न वळते तोच आली आमची सिस्टर. एवढीशी चण, पण चाल अशी, जसं काही मागे कुत्रं लागलंय. आणि तोंडात सारखं आपण, आपण! "आपण सुई टोचून घेऊया." टोचली कोणाला? मला! "आपण जरासं सहन करूया." केलं कोणी? मी! आपण? आपण कोण?

तुम्हाला सांगते, अख्खी हयात मुलींच्या शाळेत कवायतीची बाई होते मी. शिट्टी वाजली की मैदान ताठ! मुख्याध्यापिकाबाईसुद्धा पोट आत घ्यायच्या. आणि ही पोर माझा गालगुच्चा घेऊन म्हणते, "शहाणं बाळ ना ते?" मी म्हटलं, "सिस्टर, मला लागली की मला कळतं. मला माझ्या पायांनी जायचंय." तर म्हणे, "अहो, आपण त्यातच करूया की, काही होत नाही." काही होत नाही? तुला होत नाही, मला होतं!

आणि माझा मुलगा! सख्खा हो, पोटचा. उशाशी मोबाईल घेऊन बसलेला. ही मला विचारायचं सोडून त्याला विचारते, "आजींना झाली का?" आणि हा मान वर न करता, "झाली असावी." असावी! अरे मी इथं आहे! खाटेवर काय गाठोडं ठेवलंय?

मग मी काय केलं? पाणीच बंद केलं. आत गेलंच नाही तर बाहेर येईल कुठून? मुलानं पेला दिला की त्याची नजर चुकवून शेजारच्या खाटेवरच्या शिवणवाल्या बाईंच्या पाण्याच्या जगमध्ये ओतायची. तर त्या कुजबुजल्या, "अहो बाई, माझ्यात नका ओतू, मीपण पीत नाहीये... त्याच कारणासाठी!" घ्या! म्हणजे अख्खी खोली तहानलेली, आणि कोणाला पत्ता नाही!

दुसऱ्या दिवशी दुपारी डोकं गरगरायला लागलं, जीभ टाळ्याला चिकटली. सिस्टरनं दंडाला पट्टा बांधून रक्तदाब बघितला आणि तिचाच चेहरा पांढराफटक. मुलगा म्हणतो, "पाणी पितेय की आई, पेला रिकामा असतो दरवेळी." तर शिवणवाल्या बाईंनी उसवलं सगळं, "कसलं पितात! ओतून देतात. मीही देते."

सिस्टर कडाडली माझ्यावर, "तुम्हाला मरायचंय का?"

तुम्हाला! ऐकलंत? 'आपल्याला' नाही म्हणाली! डोळ्यांपुढे काजवे चमकत होते, पण इतकं बरं वाटलं म्हणून सांगू... कोणीतरी माझ्याशी बोललं हो! मी म्हटलं, "मरायचं नाहीये, जायचंय. बाथरूमला."

तशी ती मटकन स्टुलावर बसली. "बाई, मला काय हौस आहे का? एवढ्या वॉर्डाला मी एकटी. तुम्हाला घेऊन तिकडे गेले आणि इकडे कोणाचा श्वास अडकला तर? माझ्या हातून तुम्ही पडलात तर? माणसं द्या, माणसं द्या म्हणून घसा सुकला माझा. वरचे म्हणतात, बघू." डोळे भरले हो तिचे. मला पण भरून आलं... पण सोडते की काय! म्हटलं, "पोरी, तुमची माणसं कमी, म्हणून माझं माणूसपण कमी करायचं? आणि हा धट्टाकट्टा माझ्या उशाशी काय शोभेला ठेवलाय?"

तशी ती उठली, आधी सलाईन लावलं, घोट घोट पाणी पाजलं, चक्कर पार थांबेपर्यंत हलू दिलं नाही, आणि मग वळली मुलाकडे, "ठेवा तो मोबाईल. कमरेला धरा. दंड ओढू नका! पायांकडे नाही, आईच्या तोंडाकडे बघा, चक्कर तोंडावर दिसते." मला विचारलं, "निघायचं?" मला विचारलं! वॉकर धरून निघालो. माझे पाय लटपट, त्याचे माझ्याहून जास्त. खाटाखाटांवरून माना वर. "दार लावू नका," सिस्टर म्हणाली. "लोटणार," मी म्हटलं. लोटलं. ती पाठ करून उभी राहिली. आणि तुम्हाला सांगते... एवढं समाधान मला बक्षीस समारंभातही नाही मिळालं!

दुसऱ्या दिवशी शिवणवाल्या बाईंची सून धडा गिरवतेय, पलीकडे कोणाचा नवरा. मोठ्या सिस्टर धावत आल्या, "हा काय बाजार मांडलाय?" तर आमची एवढीशी चण म्हणते, "मॅडम, पेशंट चालतायत. माणसं द्या, नाहीतर मी ही अशी तयार करणार!" मिळाली हो एक मदतनीस, तीही अर्ध्या दिवसापुरती. सिस्टर म्हणाली, "अर्धी तर अर्धी, उरलेल्या अर्धीसाठी उद्या परत भांडते."

झालं, जिंकून घरी आले. पण मुलगा इतका तयार झालाय की विचारू नका! मी आत गेले की हा दाराबाहेर, मागे सून, मागे नात. "आई, बोलत राहा! आवाज बंद झाला की मी आत येणार!" आता तिथं बसून माणूस बोलणार काय? म्हणून मी पाढे म्हणते. अडखळले की दार धडाधडा वाजतं. आणि एकोणतीसचा पाढा... तो मला शाळेतसुद्धा कधी आला नाही हो!