शेवटी उतरवायचं चित्र

विद्यापीठाच्या कलादालनाच्या दारात डबा खायला बसलो, तर माझ्या लेकीच्या हातून झाकण खणकन पडलं. आत चित्रं उतरवणारे सुतारकाका वळून हसले, आणि पुन्हा शेजारी उभ्या असलेल्या एका विद्यार्थिनीशी बोलू लागले.

“प्रदर्शन कालच संपलं, पोरी. उद्या इथे दुसऱ्यांची चित्रं लागायचीत.”

“ठाऊक आहे, काका. पण बाबा निघालेत. बसमध्ये आहेत.”

“आणि महिनाभर काय करत होते?”

“रागावले होते. चित्रं काढून पोट भरतं का, म्हणायचे.”

“हे चित्र त्यांचंच ना? झोपलेले?”

“जागेपणी बसले असते होय माझ्यासमोर!”

“काय हात आहे गं तुझा! तळव्यावरचे घट्टेसुद्धा दिसतायत. वीस वर्षं चित्रं उतरवतोय, पण आज हात धजत नाही.”

“मग?”

“मग काय, हे शेवटी. आधी त्या टोकाचे खिळे काढतो, भोकं बुजवतो, वाळू देतो. म्हातारा माणूस मी, वेळ लागायचाच.”

“साहेब ओरडतील.”

“ओरडू देत. पाचपर्यंत दालन माझं.”

लेकीने घास तसाच हातात धरला होता.

“आई, तिचे बाबा पाचपर्यंत आलेच नाहीत तर?”