झुंबरबाईंचं नाक

सन्माननीय अध्यक्ष मारुतराव आप्पा, व्यासपीठावरील कृषी खात्याचे अधिकारी आणि संशोधक मंडळी, आजच्या सत्कारमूर्ती झुंबरबाई, आणि ऐन काढणीच्या दिवसांत वेळ काढून आलेल्या कवठे येमाईच्या माझ्या बंधुभगिनींनो,

मी धनश्री, कारेगावची. कांदा चाळीच्या प्रकल्पात सात वर्षं मी भाषांतर केलं. एरवी दुसऱ्यांचंच बोलणं बोलते. आज स्वतःचं बोलायला उभं केलंत, ही आप्पांची कृपा.

नेदरलँड्सच्या शास्त्रज्ञ हानेकेबाई इथं पहिल्यांदा आल्या, त्या एक यंत्र घेऊन. सेन्सर त्यांच्याकडचे, बाकीची जुळणी पुण्याच्या इंजिनिअरांची. चाळीतला कांदा आतून सडू लागला की वायू सुटतो. तो यंत्रानं ओळखायचा, सड पसरण्याआधी. पण यंत्राला हे शिकवायचं कुणी? गावानं झुंबरबाईंकडे बोट दाखवलं. रोज सकाळी त्या चाळीच्या फटींना नाक लावत चालायच्या आणि म्हणायच्या, "हितं खालचा थर गेला." उकरून पाहिलं की बहुतेक वेळा खरं निघायचं.

दोन हंगाम या दोघी रोज अशा चालल्या. एकीला मराठी येत नव्हतं, दुसरीला इंग्रजी. मी मध्ये असायचे खरी, पण कितीतरी सकाळी त्यांना माझी गरजच पडली नाही.

मग करोना आला. हानेकेबाई तिकडंच अडकल्या. मी व्हिडिओ कॉलवर चाळ दाखवायचे, झुंबरबाई वास घेऊन सांगायच्या, हानेकेबाई लिहून घ्यायच्या. दुसऱ्या लाटेत झुंबरबाई आजारी पडल्या. बऱ्या झाल्या, पुन्हा चाळीत आल्या. अकराव्या दिवशी त्यांनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, वासच येत नाही, इतके दिवस अंदाजानं सांगितलं.

आज सगळ्यांसमोर कबूल करते, मी त्यांना म्हटलं, मावशी, राहू द्या, कुणाला कळणार नाही. प्रकल्प बंद पडेल आणि माझी नोकरी जाईल, ही मला भीती होती.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "धनश्री, फोन लाव. ते मशीन खोटं शिकंल. मग ज्येचा कांदा सडंल, त्यो कुणाला बोलंल?"

मी फोन लावला. सगळं भाषांतर केलं, माझ्या सल्ल्यासकट.  हानेकेबाई म्हणाल्या, ते अकरा दिवस खोडून टाकू, त्याआधीच्या नोंदी पुरतील. आणि त्यांनी विचारलं, जेवणाचा तरी वास येतो का? झुंबरबाई म्हणाल्या, "भाकर करपली तरी कळत न्हाई." तिकडं त्या माउलीच्या डोळ्यांना धार लागली. त्याचं भाषांतर मी केलं नाही.

यंत्र तयार झालं. आज आपल्या चाळींमध्ये ते बसलंय, आणि त्यात झुंबरबाईंचं नाक आहे. त्यांच्याकडं मात्र ते नाक परत आलं नाही. अजूनही सकाळी त्या फटीशी वाकतात, थोडा वेळ थांबतात आणि पुढं जातात.

हानेकेबाई यंदा निवृत्त झाल्या. हृदयाच्या ऑपरेशनमुळं त्यांना प्रवासाची मनाई आहे. सत्काराचं कळवायचं म्हणून मी मावशींना विचारलं, काय लिहू? त्या म्हणाल्या, "तिला म्हणावं, कांद्याचा वास मला आठवंना झालाय. तुला आठवत आसंल, तर कसा आसतो ते लिही."

परवा टपालानं उत्तर आलं, पानभर. कांदा सडू लागला की वास आधी ओल्या गवतासारखा, लिहिलंय, मग गोडसर, मग पावसात विसरलेल्या गोणपाटासारखा. शेवटी लिहिलंय, की त्या वासात तुझ्या तंबाखूच्या मिसरीचा वास नेहमी मिसळलेला असायचा, वेगळा करता येत नाही. मी चाळीत बसून ते मावशींना तीनदा मराठीत वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाल्या, "व्हय. तसाच."

आपण शांतपणे ऐकलंत, आपली ऋणी आहे. बोलताना काही राहिलं असेल, काही जास्तीचं आलं असेल, तर पोटात घाला. आणि अध्यक्षांना विनंती, शाल देताना ते पत्रही मावशींच्या हाती द्यावं. मूळ पत्र, त्यांच्या मैत्रिणीच्या अक्षरातलं.