भरदुपारी बदलणारी तारीख

नमन झालं, नाव घेऊन झालं. आता देवाला घटकाभर गाभाऱ्यात निवांत बसू द्या, आपण माणसांचं बोलू.

मंडळी, ऐका! आज एकच प्रश्न विचारतो. शेजारी बसलेल्या माणसाच्या मनगटावर किती वाजलेत ते दिसतं. पण त्याच्या आत किती वाजलेत – ते कसं ओळखायचं?

बघा, बघा! 'वाजले' म्हटल्याबरोबर पहिल्या रांगेतल्या अण्णांनी घड्याळ बघितलं! बघा अण्णा, मनसोक्त बघा. कीर्तन लांबलं की माणसाला दोनच आधार – एक घड्याळ, दुसरा पेंगणारा शेजारी! पेटीवाले, हसू नका. तुम्हालाही बघितलंय मी.

पण अण्णा, तुमच्या त्या घड्याळात तारखेची बारीक खिडकी आहे ना? ती तारीख बदलते कशी, कधी विचार केलाय? आपल्याला वाटतं, रात्री बारा वाजले की आतून कोणीतरी खटकन पान उलटतं. असतात, तशीही घड्याळं असतात – भारीतली. पण साध्या चावीच्या घड्याळाचं तसं नसतं. आत एक चाक असतं, दिवसरात्र मिळून एकच फेरा घालणारं. घाण्याचा म्हातारा बैल जणू! त्या चाकाला एक बोट असतं. ते बोट येतं, तारखेच्या चकतीच्या दाताला टेकतं आणि हळूहळू ढकलायला लागतं. बाराच्या पुष्कळ आधी सुरुवात होते. त्या वेळी खिडकीत बघाल तर काय? कालचा आकडा अर्धा गेलेला, आजचा अर्धा आलेला. माहेर सुटलंय, सासर आलं नाही – अशी पोरगी एसटीत बसलेली असते ना, तसं!

आणि म्हणून घड्याळजी सांगतात – रात्री तारखेला हात लावू नका! आत बोट दाताला टेकलेलं असतं. तुम्ही बाहेरून चावी ओढून रेटायला गेलात, की दात मोडलाच. काय फिरवायची ती दिवसाउजेडी फिरवा.

एवढं ध्यानात ठेवा. आता चला, आपण नीरेकाठच्या एका गावात जाऊ.

त्या गावात एक बाई. नाव अनुसया. तिचा नवरा तुळशीराम, नदीवरच्या पंपघरात रात्रपाळीला. तुम्ही सकाळी नळ सोडता, बादली धो-धो भरते, आणि म्हणता – पाणी आलं! अहो, आपोआप आलं का ते? रात्रभर कुणीतरी मोटारीशेजारी जागत बसला, टाकी भरली, तेव्हा आलं! सारं गाव झोपलं की तुळशीराम जागा. गाव जागं झालं की तुळशीराम अंथरुणात.

लग्न झालं तेव्हापासून हे असं. पुढं पुढं तर दिवसपाळी मिळत होती, पण बाकीच्यांना लहान लेकरं, म्हातारे आईबाप – तुळशीराम म्हणायचा, "असू दे, मीच करतो." भला माणूस! पण जगाशी भलेपणा करणाऱ्याच्या बायकोला विचारा, मंडळी, तिला ते केवढ्याला पडतं!

अनुसयेनं काय केलं? दिवस गप्प केला. धुणं आपटायचं नाही. पाटा ओढायचा नाही. लेक सुमन लहानपणी खेळायची तीसुद्धा कुजबुजत! शेजारणी म्हणायच्या, "अनुसयेच्या घरात कुकरची शिट्टीसुद्धा परवानगी मागून वाजते!" आणि खोटं नव्हतं ते. शिट्टी होणार असं वाटलं की ही धावत जाऊन गॅस बारीक करायची.

दुपारी बारा वाजले की ताट वाढायचं, आत जायचं, खांद्याला हात लावायचा – "अहो, उठा. जेवून घ्या." तो उठायचा, उशाजवळचं घड्याळ हातात घ्यायचा, मग जेवायचा. तेवढ्या जेवणात काय चार शब्द होतील तो त्यांचा संसार. मग तो पुन्हा कलंडायचा, आणि संध्याकाळी डबा घेऊन पंपावर.

तिनं एकच आशा धरली होती – रिटायर होतील. मग दोघं मिळून सकाळचा चहा घेऊ. बाजारात जाऊ. काही नाही तर उन्हात बसून शेंगा तरी फोडू! केवढीशी आशा, बघा.

झाला रिटायर! हार घातला, नारळ दिला. आणि दुसऱ्या दिवशी? सकाळ झाली, तुळशीराम अंथरुणात! रात्र झाली, तुळशीराम ओट्यावर, टक्क जागा! महिना गेला, दुसरा गेला. अनुसयेला वाटलं, हा माणूस नोकरीतून सुटला, रात्रीतून काही सुटला नाही. आणि मग तिच्या मनात जे आलं ते तिनं कुणाला सांगितलं नाही. तिला वाटलं, यांना माझी गरजच नाही. ताट लागतं, ते कोणीही वाढेल.

सोलापूरहून सुमनचा फोन यायचा. "आई, तू इकडे ये. तिथं कोणाशी बोलतेस तू दिवसभर? भिंतींशी?"

एक दिवस अनुसया म्हणाली, "येते. शुक्रवारच्या गाडीनं येते. आणि परत जा म्हणू नकोस."

मंडळी, गंमत वाटते का? बाई घर सोडून निघाली! भांडण नाही, तंटा नाही, कोणी कोणाला शब्दानं दुखावलं नाही. अशी घरं जास्त मोडतात, ऐकून ठेवा. भांडणाचा आवाज तरी शेजाऱ्याला जातो.

बुधवारची दुपार. बारा वाजत आलेत. कुकर गप्प. अनुसया ताट वाढायच्या आधी आत आली, तर उशाजवळ ते घड्याळ. तिचं खिडकीकडं लक्ष गेलं. कालचा आकडा अर्धा, आजचा अर्धा! भर दुपारी! तिला वाटलं, हेही बिघडलं, याच्या मालकासारखं. आणि जाता जाता तेवढं तरी नीट करून जावं. जिथून निघायचं तिथलं शेवटचं काम बाई नीटच करते. समोरच्या बाया माना डोलावतायत बघा!

तिला ठाऊक होतं, नवऱ्यानंच कधीतरी सांगितलेलं – रात्री हात लावायचा नाही. मग आता काय, लख्ख दुपार आहे! तिनं चावी ओढली. फिरवली.

कट्!

तारीख अडकली मधेच. हलेना. ज्याच्या पंपानं गावाला पाणी दिलं, त्याच्या बायकोच्या तोंडचं पाणी पळालं! तुळशीरामाकडं बघितलं – डोळे मिटलेले. घड्याळ पदरात गुंडाळलं आणि जेवायला न उठवताच ती सुटली बाजारात, घड्याळजी हुसेनभाई मणेरांच्या टपरीकडं.

हुसेनभाईंनी डोळ्याला भिंग लावलं, झाकण उघडलं. "ताई, तारखेला हात लावलात वाटतं?"

"लावला. पण रात्री नाही, भाऊ! दुपारी बाराला लावला!"

हुसेनभाई हसले. "बाहेर दुपार असंल, ताई. ह्याच्या आत त्या वेळेला मध्यरात्र होती."

"म्हणजे?"

"अहो, काट्यांना दिवसा बारा काय नि रात्री बारा काय, सारखंच. दोन्ही काटे वरच. लावणाऱ्यानं लावताना अर्ध्या दिवसाची चूक केली, की काटे सगळे बरोबर दाखवतात, पण तारीख बदलते दुपारी. कोणाला कळतसुद्धा नाही. तुम्ही दुपार समजून रेटलंत, आणि आत बिचाऱ्याचं बोट दाताला टेकलेलं."

मंडळी, थांबा इथं जरा. टाळकरी, थांबा. काटे बरोबर! जगाशी वेळ जुळलेली! आणि आत मध्यरात्र! असं माणूस बघितलंय का तुम्ही? हसतं, बोलतं, 'बरंय' म्हणतं – आणि आपण दुपार समजून त्याला रेटतो. यावर दोन ओळी जुळवल्यात –

काटे दिसती साजरे, आत अंधाराचा वास ।
ज्याचा त्याला ठावा तास, आम्ही रेटितो उगाच ॥

माझ्याच आहेत. उद्या कुठल्या संताच्या नावावर खपवू नका, त्यांना त्रास होईल!

असो. हुसेनभाईंनी जुन्या घड्याळातलं चाक काढून बसवलं. म्हणाले, "आता तारीख नीट रात्री बदलंल असं लावून देतो." अनुसया म्हणाली, "द्या भाऊ. निदान एवढं तरी सगळ्यांसारखं होऊ दे." घरी आली, घड्याळ उशाशी ठेवलं, आणि उशीर झालेलं ताट वाढलं.

गुरुवार. दाराशी पिशवी भरून ठेवलेली. बाराला ती ताट घेऊन आत गेली, उद्यापासून हे नाही असं मनाशी म्हणत. आणि बघते तर काय – तुळशीराम उठून बसलेला! हातात घड्याळ.

"अगं," तो म्हणाला, "आज तू यायच्या आधीच तारीख येऊन बसलीय."

"दुरुस्त करून आणलंय. माझ्याच हातून मोडलं होतं. आता रात्री बदलतं, बरोबर."

"बरोबर," तो म्हणाला. "घेतलं तेव्हापासूनच तसं होतं ते. दुकानदार म्हणाला, आणा, लावून देतो. मी म्हटलं, राहू दे."

"का?"

"रात्री जगाची तारीख बदलायची तेव्हा मी पंपावर एकटा. नवा दिवस आला तरी सांगणार कुणाला? मोटारीला? घरी येऊन पडायचो. बाराला तू खांद्याला हात लावायचीस. डोळे उघडले की आधी तू दिसायचीस, मग ही नवी तारीख. म्हटलं, माझा दिवस इथं सुरू होतो. घड्याळ बरोबरच आहे की!"

अनुसयेनं हातातलं ताट खाली ठेवलं. आणि मंडळी, इतक्या वर्षांचं साचलेलं तिच्या तोंडून एकदम बाहेर आलं –

"मग आता का झोपता हो दिवसभर? आता कुठला पंप आहे? मी वाट बघून बघून दमले!"

तुळशीरामानं मान खाली घातली. शाळेत पाटी फुटलेल्या पोरासारखी!

"झोपत नाही गं. दोन महिने झाले, पहाटे घटकाभर डोळा लागतो, सकाळीच जाग येते. डोळे मिटून पडून राहतो."

"पडून राहता? कशासाठी?"

"जागा दिसलो – तर तू उठवणार कशी?"

अरे, अरे, अरे! ऐकलंत का? तो हात खांद्यावर पडावा म्हणून हा माणूस सकाळभर डोळे मिटून पडलेला! आणि ही? त्याची झोप मोडू नये म्हणून कुकरची शिट्टी दाबत फिरतेय! जागा असलेल्या माणसासाठी! काखेत कळसा नि गावाला वळसा – दोघांच्याही काखेत, बरं का!

"काल 'कट्' झालं तेही ऐकलं मी," तो म्हणाला. "डोळे उघडले असते तर तू घाबरली असतीस. तू परत येईस्तोवर उपाशी पडलो होतो." आणि मग हळूच, "सुमनशी फोनवर बोललीस तेही ऐकलं."

"आणि गप्प बसलात? जाऊ नको म्हणावंसं नाही वाटलं?"

"कुठल्या तोंडानं म्हणू? ज्यानं तुला रात्री दिल्या नाहीत, त्यानं तुझे दिवस कसे मागायचे?"

अनुसया रडली. खूप रडली. तुळशीरामाला काय करावं सुचेना. पंप बंद पडला तर काय करायचं ते त्याला पाठ होतं, हे कुठं शिकवलं होतं? शेवटी त्यानं काय केलं असेल? उठला, तिच्याजवळ बसला, आणि तिच्या खांद्याला हात लावला. म्हणाला, "जेवून घे." इतक्या वर्षांत त्याच्या कानावर पडलेला प्रेमाचा शब्द तोच होता ना!

त्याच दिवशी अनुसया पुन्हा हुसेनभाईंच्या टपरीवर हजर. "भाऊ, हे पहिल्यासारखं चुकीचं लावून द्या."

हुसेनभाई म्हणाले, "ताई, बरोबर घड्याळ चुकवून घ्यायला आलेलं पहिलंच गिऱ्हाईक तुम्ही! काही उघडावं लागत नाही. काटे पुढं फिरवत लहान काट्याचा एक अख्खा फेरा घ्या. सावकाश घ्या. तारीख मागाहून जुळवता येते. आणि घरीच करा, दोघं मिळून."

दोघांनी ओट्यावर बसून तो फेरा घातला. त्यानं चावी धरली, तिनं खिडकीवर नजर ठेवली. रेटलं नाही, घाई केली नाही.

शुक्रवारची गाडी गेली. अनुसयेनं सुमनला फोन केला, "येऊ, पण दोघं येऊ. बाबांना सकाळचा चहा लागतो हं आता, सांगून ठेवते." त्या सकाळी ते दोघं बाजारात गेले, शेंगा आणल्या. आणि बाराच्या सुमारास तुळशीराम आत जाऊन, डोळे मिटून, आडवा पडला! झोप? छे हो! आणि अनुसयेनं काय केलं? कुकर चढवला, आणि गॅस मोठाच ठेवला. एक शिट्टी झाली! दोन झाल्या! तिसरीला शेजारीण धावत आली, काय झालं म्हणून! आणि आत तो सोंगाड्या, मिटल्या डोळ्यांनी हसतोय.

मंडळी, प्रश्न मी विचारला होता – दुसऱ्याच्या आत किती वाजलेत, ते कसं ओळखायचं? मला तरी वाटतं, ओळखू येतच नाही. माणसाला खिडकी ठेवली नाही देवानं. अनुसयेला नाही ओळखू आलं, तुळशीरामाला नाही आलं, आणि ते तर एका छपराखाली म्हातारे झाले. म्हणून रेटू नका. 'किती दिवस असं बसणार', 'विसर आता', 'बोल की लवकर' – हे बाहेरून चावी ओढणं आहे. आतलं बोट आपल्या गतीनं ढकलतच असतं. आपण फक्त जवळ जायचं, हात ठेवायचा, जेवायला चल म्हणायचं.

आता टाळ उचला, नाव घ्या आणि मोकळे व्हा. अण्णा, आता बघा घड्याळ, आता रागावत नाही. घरी जा. घरात कुणीतरी भिंतीकडं तोंड करून पडलेलं असेल. झोपलंय, नको उठवायला, असं म्हणून पाय न वाजवता पुढं जाऊ नका. कोण जाणे, जागं असेल. तुमच्याच हाताची वाट बघत असेल.