दोनशे तीस पौंड

…आणि सहा अंडी ही नुसती सुरुवात हो! त्यावर दलियाचं घमेलं, पीनट बटर थापलेले चार पाव, अर्धा गॅलन दूध, आणि हे गिळून होतंय तोवर दहा वाजताचं चिकन समोर… तुम्हाला सांगतो, खाऊन खाऊन मरायची पाळी आलेला अमेरिकेतल्या अख्ख्या इंडियाना राज्यात मी एकटाच! आणि एवढं कोंबून काटा कुठे? दोनशे सहा. हलेल तर शपथ! कारण जो माणूस हे खायला लावतो, तोच दुपारी पळवतो ना… बास्केटबॉल कोर्टाच्या रुंदीत या कडेपासून त्या कडेपर्यंत, एका मिनिटात सतरा वेळा, आणि एकाचा जरी पाय रेषेला लागला नाही की सगळी टीम पुन्हा! सकाळचं सगळं तिथेच घामात जातं. वर याचं आपलं एकच, "प्रुइट, वजन तू वाढव, बाकीचं मी बघतो."

हा म्हणजे कोच टॉलिव्हर. बास्केटबॉलचा नव्हे, आमच्या ताकदीचा कोच. बॉलला उभ्या जन्मात हात लावला नसेल. पण पंधरा ऑक्टोबरला दोनशे तीस पौंड भरलो नाही तर यंदा कॉलेजच्या संघात नाव नाही, हे याच्या हातात. आता मी सहा फूट दहा इंचांचा नुसता सांगाडा, आणि तिकडे गावात आईने चर्चमध्ये उभं राहून सांगून टाकलंय, आमचा हॅल्डन टीव्हीवर दिसणार म्हणून. फोन आला की, "लाल जर्सी मिळाली का रे?" काय सांगू तिला? काटा सरकत नाही म्हणून?

मग केलं मी. दर सोमवारी वजनाआधी गॅलनभर पाणी ढोसायचं, आणि पायजम्याच्या आत पोटऱ्यांना सरावाचे शिशाचे पट्टे बांधायचे. झालो की दोनशे सव्वीस! कोचने पाठ थोपटली, पोटातलं पाणी डचमळलं… "म्हटलं नव्हतं? वजन तू वाढव, बाकीचं मी बघतो."

आणि बघितलं की हो त्याने! फळ्यावर गणित मांडलं. खांद्यावर दांडा घेऊन बैठका मारायच्या ना, तर दांड्यावर किती चढवायचं ते आमच्या वजनाच्या पावणेदोनपट ठरतं… गडी जेवढा जड, दांड्याच्या लोखंडी चकत्या तेवढ्या जड. म्हणजे चोरून बांधलेले पट्टे, प्यालेलं पाणी, सगळं पावणेदोनपट होऊन माझ्याच मानगुटीवर! आणि सांगायची सोय आहे? कोच, यातले वीस पौंड माझे नव्हेत, म्हणून? पहिली बैठक झाली. दुसरी झाली. तिसरीला गुडघा असा वाजला की कुणीतरी जिममधली गाणी बंद केली. रडलो हो, खोटं कशाला बोलू, आईच्या नावाने रडलो. आणि कोच पांढराफटक, फळ्याकडे बघत पुटपुटतोय, "आकडा तर बरोबर होता रे… आकडा बरोबर होता…" बरोबरच होता. माणूस वीस पौंड कमी होता.

ऑपरेशन झालं. मोसम गेला. सहा आठवडे खाटेवर, पळणं नाही, घाम नाही, आणि आई येऊन बसलीय, रोज कुस्करलेल्या बटाट्यावर चिकन-नूडल्स ओतून भरवतेय. जर्सीचं एकदाही विचारलं नाही तिने. तेच जास्त लागतं.

परवा डॉक्टरांनी कुबड्या काढून काट्यावर उभं केलं… दोनशे तीस! पाणी नाही, पट्टे नाहीत, सगळे माझे स्वतःचे. आणि तारीख? पंधरा ऑक्टोबर, गळ्याशपथ! कोचला फोन करून कळवलं. पट्ट्यांचंही सांगून टाकलं. मग म्हणाला,

"गुडघ्यावर भार येईल, प्रुइट. वजन तू उतरव… बाकीचं डॉक्टर बघतील."