स्टॉकमधलं रडणं

मावशी? हे मावशी कुठून आलं एकदम? कालपर्यंत तर मी 'रडणारी' होते — 'रडणारी आली का', 'रडणारीला बसवून ठेवा', 'रडणारीचं आज काम नाही, तिला कळवा.' बसा. त्या खुर्चीवर नको, तिच्यावर माझे कपडे आहेत. इथं पलंगाच्या कडेला बसा. एवढे मोठे निर्माते, स्टुडिओचे मालक, माझ्या दोन खोल्यांत, तेही एकटे, गाडी लांब कोपऱ्यावर लावून — कुणी बघू नये म्हणून ना? हं. फुलं ठेवा कुठंही.

का केलं म्हणून विचारताय. आधी हे विचारा की जमलं कसं. रात्रभर तुम्हाला तेच खात असेल. काचेपलीकडे तुमची एवढी माणसं कानांना हेडफोन लावून बसलेली, आणि एकाच्याही कानावर पडलं नाही? अहो, कसं पडेल? बाईचं रडणं तुमच्याकडे कुणी ऐकतच नाही! नायकाचं वाक्य असलं की चार-चारदा ऐकतात — 'शब्द खाल्ला', 'जरा वजन द्या', 'परत घेऊ या साहेब.' नायिकेच्या तोंडचं रडणं द्यायला मी माइकसमोर उभी राहिले की पडद्यावरच्या हिरव्या रेषा वरखाली नाचल्या की झालं, ओके, पुढचं घ्या. गेल्या आठवड्यात मी रडत होते तेव्हा तुमचा रेकॉर्डिस्ट जांभई देत होता. काचेतून त्याची पडजीभ दिसली मला.

आणि प्रसंग तरी कसा दिलात — अगदी हातात आणून दिलात! नोकरीसाठी घर सोडून गेलेली बायको अखेर परत येते, नवऱ्याच्या पायांवर डोकं ठेवते, कॅमेऱ्याकडे पाठ, केस तोंडावर. ओठांना ओठ जुळवायची भानगडच नाही. आणि कागदावर काय लिहिलेलं? 'ती रडते. अस्पष्ट बोलते.' अस्पष्ट! त्याचं वाक्य अर्धं पान, आणि तिच्यासाठी लेखकाला दोन शब्द सुचेनात. मग म्हटलं, मी सुचवते. हुंदका, दोन शब्द. हुंदका, दोन शब्द. संगीतसुद्धा तुम्हीच कमी ठेवायला सांगितलंत — रडणं ठसलं पाहिजे म्हणून. ठसलं की नाही?

हो, पाठ आहे मला. म्हणून दाखवू? — 'बायांनो, माझी मुलगी गेल्याची बातमी मला ह्याच खोलीत मिळाली. मी रडले, आणि मालकांनी हात वर केला — चालू ठेवा, थांबवू नका. तेव्हापासून ह्यांच्या मालिकांत जी बाई मार खाते ती माझ्या मुलीसाठी रडते.' एवढंच. एक शब्द खोटा असेल तर सांगा. मान खाली घालू नका, सांगा.

विसरलात म्हणता? मी सांगते. तेव्हा मी त्या बयेला आवाज द्यायचे, त्या खलनायिकेला — तुमची वाईट बाई, आखूड केसांची, आरशात बघून एकटीच मोठ्यानं हसणारी. चांगली बाई हसतच नाही तुमच्याकडे. फार तर ओठ हलवते. तर मी हसत होते. मस्त हसत होते, खरंच, मला ते काम आवडायचं — घरात कधी एवढ्या मोठ्यानं हसले नव्हते. आणि दार ढकलून तुमचा वॉचमन आत आला. म्हणाला, 'ताई, मुलीच्या सासरहून फोन होता. न्हाणीघरात घसरली म्हणे.' घसरली! तुमच्या मालिकांत घसरतात तशीच; फक्त तुमची दुसऱ्या भागात कपाळाला पट्टी लावून चहा घेऊन येते. माझी आली नाही.

मी माइकसमोरच खाली बसले. आणि रेकॉर्डिस्ट — तेव्हाचा, तो भला माणूस होता — तो बंद करायला गेला तर तुम्ही हात वर केलात. मी बघितला तुमचा हात. काचेला डोळे असतात का मालक? मला होते.

मग ते गेलं तुमच्या स्टॉकमध्ये, हवे तेव्हा वापरायच्या आवाजांच्या साठ्यात. दारांच्या करकरीशेजारी, कुत्र्यांच्या भुंकण्याशेजारी — 'बाई, रडणे, मोठे.' पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी भाजी चिरत होते. शेजारच्या घरातून आलं. कुणीतरी बाई रडतेय म्हणून मी दार उघडून धावले! आणि तिथं टीव्हीवर तुमची नायिका, काजळसुद्धा न फिसकटलेली, आणि तोंडातून माझं... मी तुमच्याकडे आले होते तेव्हा, आठवतंय? म्हणालात, 'बाई, त्यात काय एवढं, चांगलंच रडलीस की. आणि बायका रडतातच.' सगळे हसले होते. मुळात मी फरशी पुसायच्या कामाला लागले होते तुमच्याकडे, मला काचेच्या खोलीत उभं केलंत हे उपकार — तेही तेव्हाच ऐकवलंत. वाचायला मी तुमच्या फेकून दिलेल्या संवादांच्या कागदांवर शिकले, माझी मी. त्यामुळे मला फार लवकर कळलं की त्यात बायकांसाठी काय लिहिलेलं असतं.

राहिले कशी मग तुमच्याकडे? वाट बघत. मला दुसरं काम मिळत नव्हतं असं समजा हवं तर. पण वाट बघत.

आता तुमचं बोलणं कळलं मला. म्हणजे मी तुमच्या ह्या फोनमध्ये रेकॉर्ड करून द्यायचं की वय झालं, डोकं ठिकाणावर नाही, काय बोलले आठवत नाही. आणि त्याच्या बदल्यात तुम्ही ते रडणं स्टॉकमधून पुसणार. कायमचं. आणि हे काय, आणलंतसुद्धा? एवढुसं? ह्या पेनड्राइव्हमध्ये आहे ते? मूळचं?

थांबा. द्या इकडे, हातात घेऊन बघू दे.

तुम्हाला वाटतंय मला हे नको असेल? — हवंय. ह्यासाठी मी... तुम्हाला सांगायला नको होतं, पण आता निघालंच तोंडातून तर ऐका. तिच्या सासरी पोचले, तिला अंगणात ठेवलेली, आणि मी रडले. आणि तिची नणंद तोंडाला पदर लावून दुसरीला म्हणाली — मी ऐकलं — 'बघ, अगदी टीव्हीवरच्यासारखं.' तिथंच थांबले मी. त्यानंतर तिच्यासाठी मला रडताच आलं नाही. पगारासाठी येतं, घरी येत नाही. तोंड उघडलं की तुमची नायिका रडते. माझ्या लेकीसाठी मी खरी एकदाच रडले, आणि ती वेळ तुमच्याकडे आहे.

तर हे हवंय. आणि तरी हे न्या परत. घ्या म्हणते ना!

कारण काल टीव्हीवर तो भाग संपला, आणि खालची शिवणकाम करणारी बाई धावत वर आली, तोंडात टाचण्या तशाच. इतकी वर्षं खाली राहते, माझा आवाज तिला माहीत नव्हता. म्हणाली, 'ते तुम्ही होतात? ते सगळं तुम्हीच होतात?' आणि बसली इथं, तुम्ही बसलात तिथं. पहिल्यांदा कुणी विचारलं मला मुलीचं नाव काय होतं म्हणून. आणि आता मी सांगू की माझं डोकं फिरलंय? हेच तर तुमचं ठरलेलं असतं — बाई गप्प असली तर देवी, बोलली तर वेडी.

आता तुमचं काय होईल ते सांगते. ते रडणं जिथं वाजेल तिथं लोक ओळखतील. चॅनलवाले म्हणतील, काढा. तुमच्या सगळ्या मालिकांतून, सगळ्या भागांतून काढा. आणि कुठं कुठं आहे ते कुणाला माहीत आहे? कुणाला नाही, कारण कुणी ऐकलंच नव्हतं. तेव्हा बसावं लागेल, मालक. काचेच्या त्या खोलीत, कानाला लावून, पहिल्यापासून. प्रत्येक थप्पड, प्रत्येक दरवाजा, प्रत्येक बाई. ऐकल्याशिवाय कापता येणार नाही. माणसं लावाल म्हणता? लावा की. काल रात्रीपासून किती जणांनी तुमचा फोन उचलला?

उठा आता. तो फोन खिशात घाला, मी काही बोलणार नाही त्यात. आणि बाहेर जिन्यात बायका उभ्या असतील, जरा अंग चोरून उतरा. नाही, मी कशाला बोलावेन? — बोलावलं. एकीला सांगितलं फक्त.

जा. दार मी लावते.