शेजारची खुर्ची

दातांच्या दवाखान्यात सगळ्या खुर्च्या भरल्या होत्या. बाईंच्या शेजारच्या खुर्चीवर त्यांची पर्स ऐसपैस बसली होती आणि त्यांचा जावई दाराशी उभा होता. समोरचं जोडपं घरच्यासारखं मोठ्यानं बोलत होतं. बाईंनी आपलं लक्ष नसल्याचं दाखवायला मासिक उघडलं.

“महिनाभर जहाजावर समुद्राचा ताप मोजलास, आता माझी दाढ बघ.”

“बघते रे. पण ऐक तरी! जगात जी जादा उष्णता साठतेय ना, तिचे दहातले नऊ हिस्से समुद्र पितो.”

“बरंच आहे की मग.”

“बरं कसलं? ती खोल पाण्यात मुरते. वरून फारसं कळत नाही, आणि मग तो वर्षानुवर्षं सावकाश बाहेर काढत बसतो.”

“अगदी तुझ्या आईसारखं!”

“आईला मध्ये आणू नकोस हं.”

“लग्नात मी त्यांना आइस्क्रीम विचारायला विसरलो. तेव्हा हसून ‘असू दे हो’ म्हणाल्या. परवा मी फ्रीज उघडला, तर म्हणतात, ‘आम्हाला कोण विचारतंय?’”

“मग एकदा विचार की! समुद्र निवायला पिढ्या जातील, आई एका कपात निवेल.”

“खरंच? मग जाताना घेऊ.”

बाईंनी मासिक मिटलं, पर्स उचलून मांडीवर घेतली आणि दाराकडे पाहिलं.

“अहो जावईबापू, उभे का? या, बसा इथे. तुमच्या लग्नात मी तासभर उभी होते, पण ते असू दे.”